देव घरी बसले ते वर्ष

तंजावूरला मी पंधरा दिवसांसाठी गेले होते. राहिले साडेसहा महिने. सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद चाळावेत, तिथल्या मराठा राजांनी बांधलेल्या छत्रांचे, म्हणजे धर्मशाळांचे, हिशेब पाहावेत, एवढाच बेत होता. मार्च २०२०चा दुसरा आठवडा. चार दिवस कागद हाती आले. मग १७ तारखेला पुरातत्त्व खात्याने देशभरातली आपली स्मारकं बंद केली, ग्रंथालयालाही कुलूप लागलं, २२ला जनता कर्फ्यू झाला आणि २५पर्यंत रेल्वेसकट सगळंच थांबलं. साताऱ्याला आई एकटी, मी इथे मेल वीदीतल्या एका जुन्या घराच्या माडीवर, आणि दोघींच्या मध्ये दोन राज्यांच्या बंद सीमा.

घर ज्यांचं त्या आजी तंजावूरच्या मराठी. गावात या लोकांना ‘रायर’ म्हणतात. पूर्वज कधी आले, असं विचारलं तर त्या ‘राजांबरोबर’ एवढंच सांगत. राजा म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी. आदिलशाहीच्या बाजूने ते इकडे आले आणि १६७५-७६च्या सुमारास तंजावूरच्या गादीवर स्वतःच बसले. आजींची मराठी कळायला मला दोन दिवस लागले. शब्द आपले, चाल मात्र तमिळ. वाक्य वर चढून शेवटी असं खाली उतरायचं की प्रश्न आहे की उत्तर, तेच समजू नये. उलट त्यांच्या तमिळमध्ये मला ओळखीचे चेहरे दिसत. ताटातली कोसुमल्ली म्हणजे आपली कोशिंबीर, न्हाणीघरातलं गंगाळम म्हणजे गंगाळ, आणि वांग्याची रसवांगी तर नावातच कबुली देऊन बसलेली. सांबार संभाजी महाराजांच्या नावावरून पडलं, ही गोष्टही आजींनी सांगितली. तिला पुरावा मागायचा नसतो, आणखी एक वाढी मागायची असते.

पहिले काही दिवस मी माडीवरून खाली उतरलेच नाही. रस्ता चिडीचूप होता. याला शांतता म्हणतात हे मला तेव्हा मान्य नव्हतं आणि आजही नाही. कान सतत कशाची तरी वाट पाहत असतील तर ती शांतता नव्हे. मी दिवसातून चार वेळा आईला फोन करत होते आणि तिच्या आवाजातली धाप मोजत होते. शेवटी आजींनीच माझ्या हातात कापडी पिशवी दिली. ‘दूध आण जा, पोरी,’ म्हणाल्या. घरात दूध होतं. पण हातात पिशवी असली की रस्त्यावर असण्याला कारण असतं, हे त्या दोन दिवसांत शिकल्या होत्या. ५ एप्रिलपासून दुकानांची वेळ सकाळी सहा ते दुपारी एक अशी झाली होती. मी सहाच्या ठोक्याला निघू लागले. चौकातला पोलीस ‘एंग?’ म्हणजे कुठे, एवढंच विचारी. मी पिशवी वर करून ‘पाल’ म्हणे. माझं तमिळ तिथून सुरू झालं.

सुरुवातीला माझा प्रवास मेल वीदीच्या टोकापर्यंतच होता. वीदी म्हणजे आपली वीथी. जुन्या किल्ल्यात राजवाड्याभोवती चार राजवीथी आहेत आणि त्यांची नावं दिशांवरून आहेत : वडक्कु उत्तरेची, तेर्कु दक्षिणेची, मेल पश्चिमेची, कीळ पूर्वेची. गंमत अशी की तमिळमध्ये ‘मेल’ म्हणजे वर आणि ‘कीळ’ म्हणजे खाली. पश्चिम वर का? तर या देशाचा सगळा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे, सह्याद्रीकडून समुद्राकडे आहे. दिशांची नावं इथे सूर्य पाहून पडली नाहीत, पाणी पाहून पडली. तंजावूर स्वतः ताटासारखं सपाट आहे, चढ-उतार पायाला जाणवतसुद्धा नाही, तरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ‘वरच्या’ आणि ‘खालच्या’ रस्त्याला राहत आली आहेत.

मेल वीदीत एरवी दिवसभर हॉर्न, कॅसेटवरची भक्तिगीतं आणि भाजीवाल्यांच्या हाका असतात म्हणे. मला ती भेटली फक्त खराट्याच्या आवाजात. पहाटे बायका दारापुढचं अंगण झाडत, सडा घालत आणि तांदळाच्या पिठाने कोलम रेखत. ठिपके आधी, मग त्यांना वळसे घालत जाणारी एकच न तुटणारी रेघ. पाहुणे बंद, वऱ्हाडं बंद, देवाची पालखी बंद, तरी कोलम रोज नवा. आणि त्या वर्षी त्याच्या जोडीला प्रत्येक चौकटीवर कडुलिंबाचा डहाळा होता, उंबऱ्यावर हळदीचं पाणी होतं. मला आधी वाटलं ही कोरोनाची काही नवी टूम असेल. आजींनी डोक्यावर हात मारला. हे मारियम्मनचं. देवीची साथ आली की दाराला कडुलिंब लागतोच. आपल्याकडे मरीआई जशी पटकीची, तशी इथे मारियम्मन देवीची आणि पावसाचीही.

तंजावूरची मारियम्मन गावाबाहेर पूर्वेला, पुन्नैनल्लूरला आहे. ती मूळची वारुळाच्या मातीची, त्यामुळे तिला पाण्याचा अभिषेक चालत नाही, तैलकाप होतो. देऊळ व्यंकोजीराजांनी बांधलं. समयपुरमच्या देवीने स्वप्नात येऊन ‘मी पुन्नैच्या रानात आहे’ असं त्यांना सांगितलं, अशी कथा आहे. पुढे तुळजाराजांच्या मुलीची दृष्टी देवीच्या आजारात गेली आणि इथे आल्यावर परत आली, ही दुसरी कथा. राजघराण्यालाही न टळलेल्या साथीची ही आठवण आहे. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजींनी पुढे धन्वंतरी महाल उभा केला, नेत्ररोग्यांची टिपणं आणि डोळ्यांची चित्रं करून ठेववली. ती अजून ग्रंथालयात आहेत. देवळाचं बांधकामही त्यांनीच वाढवलं. आपण या दोन गोष्टींत भांडण लावतो. त्यांच्या खर्चाच्या वहीत दोन्ही असतील.

मेल वीदीतच बंगारू कामाक्षीचं देऊळ आहे. बंगारू म्हणजे तेलुगूत सोनं. ही सोन्याची कामाक्षी मुळात कांचीची. धामधुमीच्या काळात तिचे पुजारी तिला घेऊन निघाले, गावोगाव लपतछपत फिरले आणि शेवटी तंजावूरच्या मराठा राजांच्या आश्रयाला आले. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी श्यामा शास्त्री (१७६२-१८२७) याच पुजाऱ्यांच्या घराण्यातले. देवळाच्या बंद दारासमोर मी रोज क्षणभर थांबे. कांचीहून काही दिवसांसाठी निघालेली देवी इथे अडकली ती अडकलीच, हे कळल्यावर मला माझ्या साडेतीन आठवड्यांचं एवढं काही वाटेनासं झालं. याच रस्त्यावर तंजावूर चौघांचं घर आहे. पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू हे चार भाऊ सरफोजींच्या दरबारात होते आणि आज भरतनाट्यमचा कार्यक्रम ज्या क्रमाने होतो तो क्रम त्यांनी बसवलेला आहे. अलारिप्पूने सुरुवात, तिल्लानाने शेवट. मुंबई-पुण्यात शनिवारी सकाळी क्लासला जाणाऱ्या हजारो मुलींचे पाय या एका घरातून निघालेले आहेत, पण इथे तसा फलक वाचायला कुणी थांबत नाही. मीही तीन आठवडे थांबले नव्हते.

मेल वीदी जिथे उत्तरेच्या वीथीला मिळते त्या कोपऱ्यावर मूलै हनुमार आहे. मूलै म्हणजे कोपरा. प्रतापसिंह राजांनी (कारकीर्द १७३९ ते १७६३) बांधलेला हा मारुती वायव्येला, म्हणजे वायूच्या दिशेला आहे. वायूचा मुलगा वायूच्या कोपऱ्यात. मारुती पाहिला की मराठी माणसाला समर्थांची आठवण होणारच, आणि ती इथे अस्थानी नाही. तंजावुरात रामदासी मठ होते. मराठी कीर्तन इथूनच दक्षिणेत रुजलं आणि हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तं नावासकट नांदतात. या मारुतीला नवस बोलणारे अमावास्येला अठरा फेऱ्या घालतात, आणि त्या मौन पाळून घालायच्या, असं आजींनी सांगितलं. त्या एप्रिलमध्ये देवळाला कुलूप होतं. एक म्हातारे गृहस्थ मात्र रोज कोपऱ्यावर चपला काढून, गल्लीत उभे राहून, स्वतःभोवतीच तीन गिरक्या घेत आणि निघून जात. प्रदक्षिणेला देऊळ मिळालं नाही तर माणूस आपल्यालाच मधे धरतो.

त्यांना पाहूनच माझी चाल कोपऱ्यापुढे गेली. एक दिवस मी पिशवी घेऊन उजवीकडे वळले, वडक्कु वीदी चालले, पुन्हा उजवीकडे वळून कीळ वीदी, मग तेर्कु, आणि परत मेल वीदीत घरापाशी आले. सावकाश चाललं तर तासाभराचं काम. राजवाडा सगळा वेळ उजव्या हाताला राहतो, म्हणजे रीतसर प्रदक्षिणाच. हे मी ठरवून केलं नव्हतं. नंतर कळलं की या चार रस्त्यांचं कामच ते आहे. चैत्रात बृहदीश्वराचा रथ याच चार वीथींतून फिरतो. सुमारे शतकभर बंद पडलेला तो रथोत्सव २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला होता. वैशाखात गावातले दोन डझनांच्या आसपास विष्णू गरुडावर बसून रांगेने याच रस्त्यांवर निघतात. त्या सोहळ्याला गरुडसेवै म्हणतात. २०२० मध्ये यातलं काहीच झालं नाही. रथ कोरडा उभा राहिला, गरुड शेडमध्ये राहिले, देव घरी बसले. त्यांच्या रस्त्यावरून मी दुधाची पिशवी घेऊन रोज फेरी मारत होते.

मन कधी निवलं, ते तारखेनिशी सांगता येणार नाही. एवढं आठवतं की एप्रिलच्या शेवटी कधीतरी मी निघताना फोन घरी विसरले आणि ते तेर्कु वीदीपर्यंत लक्षात आलं नाही. फेरीचा गुण असा की ती कुठेच नेत नाही. कुठे पोचायचं नसलं की उशीर होत नाही. वडक्कु वीदीच्या एका घराच्या ओट्यावर पिंजऱ्यातला पोपट, पुढे जांभळी खिडकी, पुढे रात्री विझवायचा राहून गेलेला दिवा : रोज तेच. आठव्या-दहाव्या दिवशी माणसंही त्याच यादीत मला धरू लागली. मास्कवरचे डोळे ओळखीचे झाले. ‘साप्टाच्चा?’ म्हणजे जेवलात का, असा प्रश्न सकाळी साडेसहाला येऊ लागला. तमिळ माणसाचं हे ‘काय, कसं काय’ आहे. उत्तरादाखल खरंखुरं जेवण सांगायचं नसतं. मी सांगत बसे.

कीळ वीदीला राजवाडा लागतो. नायकांनी सोळाव्या शतकात बांधायला घेतलेला, मराठ्यांनी वाढवलेला. रस्त्यावरून त्याचे मनोरे तेवढे दिसतात. आतल्या नायक दरबारात लंडनच्या फ्लॅक्समनने घडवलेला सरफोजींचा पांढरा संगमरवरी पुतळा उभा आहे. त्या महिन्यांत त्याला पाहायला कुणीच नव्हतं. आणि आवारातच सरस्वती महाल. तीस हजारांवर संस्कृत हस्तलिखितं, तीन हजारांवर मराठी, शिवाय मोडी कागदांचे रुमाल. १९१८ मध्ये ते जनतेसाठी खुलं झालं. मराठी नाटकाचा इतिहास आपण सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांपासून मोजतो. त्याच्या दीडशे वर्षं आधी तंजावूरच्या गादीवरच्या शहाजीराजांनी इथे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ लिहिलं होतं. सरफोजींनी १८०५च्या सुमारास देवनागरी छापखाना घातला आणि त्यातून इसापनीतीचं मराठी पुस्तक, ‘बालबोध मुक्तावली’, निघालं. पुण्यात पेशवाई होती आणि छपाई नव्हती, तेव्हा तंजावुरात मराठी मुलांसाठी कोल्हा-द्राक्षं छापली जात होती. हे सगळं दहा पावलांवर, कुलपाआड. मला रोज चुटपुट लागे आणि रोज थोडी कमी लागे.

तिथे फाटकाशी उभं राहिलं की हातात आलेले ते चार दिवसांचे कागद आठवत. तंजावुरातून रामेश्वराला जाणाऱ्या वाटेवर मराठा राजांनी छत्रं बांधली. बरीचशी राण्यांच्या, प्रियजनांच्या नावाने. ओरत्तनाडूचं मुक्तांबा छत्र त्यांतलं प्रसिद्ध. राज्यकारभार १७९९ मध्ये इंग्रजांनी घेतला तेव्हा ही छत्रं तरी आपल्या हाती राहू द्या, म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट टॉरिनला पत्र लिहिलं. त्या पत्रात छत्रांची रीत सांगितली आहे. वाटसरू कुठल्याही जातीचा, कुठल्याही देशाचा असो, त्याला अन्न मिळायचं. शिजवलेलं नको असेल त्याला शिधा. आजारी पडला तर बरा होईपर्यंत औषधपाणी. बाळंत झालेल्या बाईची व्यवस्था. वाटेत कुणी वारलं तर त्याच्या धर्माप्रमाणे शेवटचं काम. वाढणं रात्री उशिरापर्यंत चाले आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई : अजून कुणी उपाशी असेल तर या. हे पत्र पूर्वी वाचलं होतं तेव्हा मला ते राजाच्या औदार्याचं वर्णन वाटलं होतं. मे महिन्यात, टीव्हीवर महामार्गाने पायी निघालेल्या मजुरांचे तांडे पाहताना, ते रस्त्याच्या व्यवस्थेचं वर्णन वाटलं. माणसं लांब चालतात, ती दमतात, भुकेजतात, बाळंत होतात, मरतात, हे गृहीत धरून केलेली व्यवस्था. आता महामार्गावर दर काही मैलांवर टोलनाका असतो.

तेर्कु वीदीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. दुकानांचा रस्ता, आणि दुकानं बंद. एका फळीच्या फटीतून तलैयाट्टी बोम्मै दिसत, मान डोलावणाऱ्या बाहुल्या. वाऱ्याची झुळूक आत शिरली की एक राणी आणि दोन नर्तकी कुणीही न विचारलेल्या प्रश्नाला ‘हो हो’ म्हणत.

जूनमध्ये मोकळीक वाढली तशी माझी फेरीही फुटली. तेर्कु वीदीच्या टोकावरून नैर्ऋत्येला गेलं की बृहदीश्वराचं मोठं देऊळ, पेरिय कोविल, आणि त्याच्या कडेने जाणारा कालवा. गावातले लोक त्याला कालवा म्हणत नाहीत, पुदु आरु म्हणतात, नवी नदी. करिकाल चोळाच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापासून तो निघतो. मेट्टूर धरण १९३४ मध्ये झालं त्याच योजनेतला हा. नव्वदीला आलेली ‘नवी’ नदी. पुण्यात नवी पेठ नाही का! मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्यात पाण्याचा थेंब नव्हता. पात्रात पोरं स्टंप रोवून क्रिकेट खेळत होती, सीमारेषा म्हणजे घाटाच्या पायऱ्या.

पण कठड्यावर बसलेल्या माणसांच्या बोलण्यात वेगळीच तारीख होती : १२ जून. मेट्टूरचे दरवाजे उघडायची ही परंपरेची तारीख. त्या दिवशी पाणी सुटलं तर कुरुवै हे भाताचं छोटं पीक घेता येतं आणि त्यानंतर पुन्हा दुसरं पीक. उशीर झाला तर फक्त सांबा, एकच लांब पीक. पाऊस आणि कर्नाटकाशी चाललेला वाद, या दोहोंपायी गेली आठ वर्षं ती तारीख चुकत आली होती. २०२० मध्ये धरणात पाणी होतं. फेब्रुवारीतच विधानसभेने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरवणारा कायदा केला होता, म्हणजे तेल-वायूच्या नव्या विहिरींना तिथे मज्जाव. आख्खं जग थांबलेलं असताना तंजावूरच्या शेतकऱ्याचं वर्ष मात्र बऱ्याच काळाने वेळेवर सुरू होत होतं. कठड्यावरच्या एका आजोबांनी मला हे इतक्या आनंदाने सांगितलं की मास्क हनुवटीवर आला. मी दोन पावलं मागे सरले, ते दोन पावलं पुढे आले, आणि माहिती पूर्ण झाली.

१२ला मेट्टूर उघडलं, १६ला कल्लणै, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी क्रिकेटच्या खेळपट्टीवर पाणी आलं. मला वाटलं होतं लोंढा येईल. आली ती एक तपकिरी जीभ, माणसाच्या चालीने. पुढे फेस, वाळकी पानं, प्लास्टिकच्या पिशव्या, एक तुटकी चप्पल. जमीन आधी ते पाणी पिऊन टाकी, मग थोडं पुढे जाऊ देई. भेगांतून किडे वर येत होते आणि त्यांच्यासाठी बगळे कुठून कोण जाणे हजर होते. पायऱ्यांवर दोघी-तिघींनी कापूर लावला, हळद-कुंकू सोडलं, एकीने ओच्यातून मूठभर भात काढून पाण्यावर टाकला. पोरांनी स्टंप उपटून घेतले. कुणी ओरडलं नाही. पाणी आवाज करत होतं तेवढा पुरेसा होता.

मी कृष्णेकाठची. कृष्णा आणि कावेरी दोघी सह्याद्रीच्या लेकी, एक महाबळेश्वरची, दुसरी कोडगूच्या तलकावेरीची, आणि दोघींनी अरबी समुद्र जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेची वाट धरलेली. साताऱ्याला हे मी शाळेत पाठ केलं होतं. इथे कठड्यावर बसून ते पहिल्यांदा दिसलं. ‘मेल’ म्हणजे वर, आणि वर म्हणजे घर. त्या दिवशी आईला फोन केला तेव्हा तिने आधी विचारलं, ‘आज बरी दिसतेस, काय झालं?’ फोन आवाजाचाच होता.

आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, आडिपेरुक्कुला, बायका नदीवर जाऊन पाण्याची पूजा करतात, गुळात भिजवलेले तांदूळ वाहतात, हळदीचे दोरे बदलतात. २०२० मध्ये तो दिवस २ ऑगस्टला आला, आणि त्या महिन्यात दर रविवारी राज्यभर कडकडीत बंद. २ ऑगस्ट रविवार होता. नदी आठ वर्षांनी वेळेवर आलेली आणि तिला भेटायला जायची बंदी! आजींनी परसातल्या नळाला हळद-कुंकू लावलं. चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात, दहीभात असे चार भात केले आणि आम्ही दोघी नळासमोर पाट मांडून जेवलो. ‘हेही कावेरीचंच पाणी,’ आजी म्हणाल्या.

राहिलं मोठं देऊळ. कालव्यापासून ते रोज दिसे, म्हणजे त्याचं शिखर दिसे. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं, २१६ फूट उंच, तेरा मजल्यांचं. आजूबाजूला मैलोन्‌मैल गाळाची जमीन, भाताची खाचरं, दगडाचं नाव नाही, आणि मधोमध हा ग्रॅनाइटचा डोंगर. ५ फेब्रुवारीला तेवीस वर्षांनी त्याचा कुंभाभिषेक झाला होता, लाखो माणसं लोटली होती. कुंभाभिषेकानंतर अठ्ठेचाळीस दिवसांचं मंडल असतं. ते भरायच्या आतच स्मारकं बंद झाली. आत पुजारी नित्यपूजा करत होते. बाहेर खंदकाच्या कडेने आम्ही काही ठरावीक माणसं येऊन, शिखराकडे पाहून, हात जोडून किंवा न जोडता परत फिरत होतो.

१ सप्टेंबरला तमिळनाडूतली देवळं उघडली. कपाळावर तापमापक, हातावर जंतुनाशक, जमिनीवर आखलेली वर्तुळं. मी पायरी ओलांडली तेव्हा प्रशस्त अंगणात पंधरा-वीस माणसं असतील. आणि पहिली गोष्ट दिसली ती सावली. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं मला तोवर निदान दहा जणांनी, त्यांत दोन मराठी प्राध्यापकांनी, सांगितलं होतं. सकाळच्या उन्हात ती पश्चिमेकडे लांबलचक, ठळक, निवांत पसरली होती. दोन कुत्री तिच्यात झोपली होती.

मराठी माणूस इथे येतो तो भोसल्यांचा शिलालेख पाहायला. ओवऱ्यांच्या नैर्ऋत्य भागातल्या भिंतींवर सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेलं भोसलेवंशचरित्र, मजकूर बाबुराव चिटणीसांचा. जगातल्या मोठ्यात मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. आपले प्रवासी-गट दोन तासांत देऊळ उरकतात, या भिंतीशी फोटो काढतात, जयजयकार करतात आणि बसकडे पळतात. मला त्या दिवशी कुणी घाई करणारं नव्हतं. अख्खी सकाळ मी भिंतीशी काढली. ओळीवर बोट न टेकवता, हवेत बोट फिरवत वाचत गेले. काही अक्षरं झिजली आहेत, काही अजून कालची वाटतात. राज्य हातचं गेलेला राजा आपल्या घराण्याची गोष्ट दगडावर लिहून घेतो आहे, आणि तीही आपल्या भाषेत, जी इथल्या रस्त्यावर फारशी कुणाला वाचता येत नव्हती.

मोकळेपणी सांगायचं तर मला त्याहून राजराजाचे लेख अधिक भिडले. तमिळ मला वाचता येत नाही. त्यांचा तर्जुमा तेवढा वाचला होता. देवळाच्या भिंतींवर त्याने काय काय लिहून ठेवलं आहे! एका अखंड दिव्याच्या तुपासाठी शहाण्णव मेंढ्या, त्या कोणाकडे सांभाळायला दिल्या ते. आणि चारशे नर्तकींची यादी. नुसती नावं नव्हेत, मूळ कुठल्या गावच्या देवळातून आल्या ते, आणि इथे कुठल्या रस्त्याच्या कुठल्या ओळीत कितव्या घरात राहतात ते. दक्षिण रस्ता, दक्षिणेची ओळ, घर पहिलं, दुसरं, तिसरं. हजार वर्षांपूर्वीचा एक रस्ता, दारादारांनी. पाच महिने एकाच रस्त्याची दारं मोजत हिंडल्यावर हा लेख राजाचा वाटत नाही, पोस्टमनचा वाटतो.

बाहेर आले तेव्हा ऊन चढलं होतं. घरी जायचा जवळचा रस्ता सरळ मेल वीदीला मिळतो. पाय तेर्कु वीदीकडे वळले. बाहुल्यांचं दुकान उघडलं होतं, मालक एकेक बाहुली पुसून ठेवत होता. कीळ वीदीत ग्रंथालयाच्या फाटकावर नवी सूचना लागली होती. ती वाचायला मी थांबले नाही. वडक्कु वीदीत पोपट, खिडकी. मूलै हनुमारचं दार उघडं, आत ते गिरक्या घेणारे गृहस्थ, यावेळी मारुतीभोवती. चौकातल्या पोलिसाने मान हलवली. मी सवयीने पिशवी वर केली.

आजींनी ती माझ्या हातातून घेतली, आत हात घातला, मग उलटी करून झटकली.

‘दूध कुठंय?’

त्या दिवशी आम्ही कॉफी कोरीच प्यायलो.